पैनगंगेच्या दोन तीरांवरचा कर

यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा मोठ्या अंतरापर्यंत पैनगंगा आखते. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. वणीहून माजरी-आदिलाबाद रेल्वेमार्गाने पलीकडे जाता येते, रस्त्यानेही जाता येते, आणि कामासाठी ये-जा करणारी माणसे दोन्ही बाजूंना आहेत. वणीच्या पोरांनी हैदराबादला नोकऱ्या धरल्या. उकणी, जुनाड, नीलजई, मुंगोलीच्या कोळसा खाणींवर आणि मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यावर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले हात राबतात. यांपैकी कुणीही वर्षातून दोन राज्यांत काम केले, तरी त्याला प्राप्तिकराचे रिटर्न एकच भरावे लागते. पॅन एक, खाते एक, सरकार एक. जानेवारीपर्यंत आदिलाबादेत आणि मग वणीत नोकरी केली, तर दोन मालकांकडचे फॉर्म सोळा हाती येतात, दोघांनीही प्रमाणित वजावट धरलेली असते, दुसऱ्याने पहिल्याचा पगार मोजलेला नसतो, आणि जुलैत हिशेब केला की थोडा कर व्याजासकट निघतो. नवीन मालकाला आधीच्या पगाराची माहिती लेखी दिली की तेही टळते. त्रास एवढाच.

ही सोय आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिची किंमत कळत नाही. आणि ती सवयीची असल्यामुळेच तिच्याखाली झाकलेला एक अन्यायही दिसत नाही. माझे म्हणणे असे: प्राप्तिकर देशाचा एकच असावा, तो राज्याराज्यांत कधीही फोडू नये. पण माणूस ज्या गावात राबतो त्या गावाचा त्याच्या कमाईवर काही एक हक्क आहे, आणि महाराष्ट्राने तो हक्क गावाकडून काढून घेतला. वर तो वसूल करताना सर्वांत कमी पगार असलेल्याच्या खिशात सर्वांत खोल हात घातला.

कर कुणी भरायचा आणि तो जायचा कुठे, हा प्रश्न या भागाला नवा नाही. वऱ्हाड निजामाचे. 1853 च्या तहाने ते इंग्रजांच्या हाती गेले, ते कशासाठी? हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च भागावा म्हणून. म्हणजे वणीच्या काळ्या जमिनीवरचा सारा गोळा व्हायचा इथे, पोसायची फौज, आणि उरलेली शिल्लक निजामाला द्यायची की नाही यावर हैदराबाद आणि कलकत्ता यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालायचा. पहिले सालारजंग या वादात झिजले. अखेर 1902 मध्ये कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वार्षिक 25 लाख रुपयांवर, आणि 1903 पासून ते मध्य प्रांताला जोडले. आजचा यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत वणीच्याच नावाने ओळखला जात होता, हे इथल्याही अनेकांना ठाऊक नसते. त्या वणी जिल्ह्याचा सार्वभौम मालक एक, कारभारी दुसरा आणि करदाता तिसराच. शेतकऱ्याने दिलेल्या रुपयाचा रस्ता त्याच्या गावाकडे वळलाच पाहिजे, असे यांपैकी कुणालाही वाटत नव्हते.

पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे राज्य होते आणि त्याचे कर वेगळे, जकातनाके वेगळे. स्वातंत्र्याच्या सुमारास हैदराबादने आपला स्वतंत्र प्राप्तिकर कायदाही केला. नदीच्या दोन तीरांवर दोन प्राप्तिकर, अशी स्थिती काही काळ तरी खरोखर होती. ती संपली 1 एप्रिल 1950 रोजी. त्या दिवशी संस्थानांचे आर्थिक एकीकरण झाले आणि भारताचा प्राप्तिकर कायदा हैदराबादलाही लागू झाला. संस्थानांच्या विलीनीकरणाच्या कथा आपण पोलिस कारवाईपाशी थांबवतो. तलवारीने जोडलेले राज्य हिशेबाच्या वहीने पक्के जोडले ते दीड वर्षानंतर. माझ्या मते त्या तारखेचे महत्त्व 17 सप्टेंबर 1948 हून फार कमी नाही.

राज्यघटनेने मग ही विभागणी कायम केली. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर संघराज्याच्या यादीत, शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या यादीत. केंद्राने गोळा केलेल्या प्राप्तिकरातला वाटा राज्यांना द्यायचा आणि तो कसा द्यायचा हे वित्त आयोगाने सांगायचे. तत्त्व सोपे वाटते, पण भांडण इथूनच सुरू होते. वाटा कशाच्या आधारावर? जिथे कर गोळा झाला त्या आधारावर, की जिथे माणसे राहतात आणि गरज आहे त्या आधारावर?

हा वाद इंग्रजी अमलापासूनचा आहे. 1936 च्या नीमायर निवाड्यात प्राप्तिकरातल्या प्रांतांच्या वाट्यापैकी मुंबईला 20 टक्के आणि बंगालला 20 टक्के मिळाले; बिहारला 10, आणि आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडला 5. स्वातंत्र्यानंतर के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वित्त आयोगाने 80 टक्के वजन लोकसंख्येला आणि 20 टक्के वजन वसुलीला दिले. पुढे वसुलीचे वजन 10 टक्क्यांवर आले आणि दहाव्या आयोगापासून ते नाहीसेच झाले. आज वाटपात लोकसंख्या, क्षेत्रफळ, वने आणि सर्वांत जास्त म्हणजे उत्पन्नातली तफावत मोजली जाते. पंधराव्या आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी वाटून देण्याच्या रकमेतला 6.317 टक्के हिस्सा महाराष्ट्राला, 10.058 टक्के बिहारला आणि 17.939 टक्के उत्तर प्रदेशला दिला.

हे आकडे समोर आले की मुंबईत संताप होतो. देशाच्या प्राप्तिकरातला एवढा मोठा भाग आम्ही भरतो आणि परत मिळतो चिमूटभर, हे वाक्य गेली कित्येक वर्षे प्रत्येक पक्षाच्या सभेत ऐकू येते. मी विदर्भातून हे वाक्य ऐकतो तेव्हा मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते स्पष्ट सांगायला हवे. कर मुंबईत भरला जातो याचा अर्थ उत्पन्न मुंबईत निर्माण झाले असा होत नाही. कंपनीचे मुख्य कार्यालय जिथे, तिथे तिचे रिटर्न. मुंबईत बसलेल्या कंपन्यांचा नफा देशभरच्या कारखान्यांतून, शेतांतून आणि गिऱ्हाइकांतून येतो. हाच न्याय वणीला लावून पाहा. इथल्या कोळसा खाणी चालवणाऱ्या वेकोलि या कंपनीचे मुख्यालय नागपूरला, तिच्या वरच्या कोल इंडियाचे कोलकात्याला. मुकुटबनच्या चुनखडीचे सिमेंट करणाऱ्या उद्योगसमूहाचे मुख्यालयही कोलकात्यालाच. वसुली हाच निकष धरला, तर आमच्या मातीतल्या नफ्याचा मोठा भाग पश्चिम बंगालच्या नावावर चढेल. तेव्हा मुंबई कोणत्या तोंडाने तक्रार करील?

आणि बिहारच्या 10 टक्क्यांबद्दल रागावण्याआधी वणीच्या माणसाने एक गोष्ट आठवावी. खाणीत उतरणारा जो जवान गडी बिहारमधून येतो, त्याला लहानाचा मोठा बिहारने केला. त्याची शाळा, त्याची लस, त्याच्या आईच्या बाळंतपणाचा सरकारी दवाखाना, हा सगळा खर्च त्या राज्याने सोसला आणि कमावते वय आले तेव्हा तो हात महाराष्ट्राला मिळाला. म्हातारपणी तो परत तिकडेच जाणार. मधल्या तीस-पस्तीस वर्षांच्या कमाईवरचा कर फक्त महाराष्ट्राचा, असे म्हणणे म्हणजे पेरले दुसऱ्याने आणि सुगी आमची, असे म्हणण्यासारखे आहे. लोकनायक बापूजी अणे वणीचेच. 29 ऑगस्ट 1880 रोजी इथे जन्मलेले बापूजी विदर्भाचा पैसा विदर्भाला मिळावा म्हणून आयुष्यभर झगडले आणि 1948 ते 1952 या काळात बिहारचे राज्यपालही होते. विदर्भाच्या हक्काची मागणी आणि बिहारबद्दलची आस्था एका माणसात नांदू शकते. त्यात विसंगती नाही.

अमेरिकेकडे पाहिले की आपल्या व्यवस्थेचे मोल अधिक कळते. तिथे केंद्राचा प्राप्तिकर आहेच. शिवाय पन्नासपैकी नऊ राज्ये सोडली तर बाकीची सारी पगारावर आपापला कर लावतात. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मराठी घरे पुष्कळ आहेत. त्यांतला नवरा किंवा बायको रोज न्यूयॉर्कला कामाला जात असेल, तर न्यूयॉर्क म्हणते काम इथे केलेस, कर इथे दे. न्यू जर्सी म्हणते राहतोस इथे, सगळ्या उत्पन्नाचा हिशेब इथे दे. दोन्ही रिटर्न भरायची, मग न्यू जर्सी न्यूयॉर्कला दिलेल्या कराची सूट देणार, म्हणजे आपली तिजोरी रिकामी करणार. तेच कुटुंब पेनसिल्व्हेनियात कामाला गेले, तर मात्र दोन राज्यांत करार असल्यामुळे पगारावरचा कर फक्त राहत्या राज्याला. न्यूयॉर्कचा आणखी एक नियम आहे: नोकर स्वतःच्या सोयीने दुसऱ्या राज्यातल्या घरी बसून काम करत असेल, तरी ते दिवस न्यूयॉर्कचेच धरायचे. 2020 मध्ये कोरोनामुळे मॅसॅच्युसेट्सने तसाच तात्पुरता नियम केला, तेव्हा शेजारचे न्यू हॅम्पशायर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर करच नाही. आमच्या घरात बसलेल्या माणसाकडून तुम्ही कर कसा घेता, असा त्यांचा सवाल होता. न्यायालयाने 2021 मध्ये तो दावा ऐकण्यास नकार दिला.

आता हेच चित्र आपल्या सीमेवर कल्पून पाहा. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात चौदा गावे अशी आहेत की त्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत, मतदारयादीत दोन्हीकडे नावे आहेत. प्राप्तिकर राज्यांकडे असता, तर त्या आदिवासी आणि दलित कुटुंबांच्या दारात दोन वसुली अधिकारी उभे राहिले असते. अमेरिकेतला संगणक अभियंता सनदी लेखापालाला पैसे देऊन यातून वाट काढतो. मोसमाला दोन राज्यांत राबणारा मजूर कुणाला पैसे देणार? म्हणून राज्यांना प्राप्तिकराचा अधिकार द्यावा, ही अधूनमधून डोके वर काढणारी कल्पना मला धोक्याची वाटते. तिच्यामुळे श्रीमंत राज्ये दर कमी ठेवून पैसेवाल्यांना ओढतील, गरीब राज्ये अधिक गरीब होतील आणि दोन राज्यांत पोट भरणारा भरडला जाईल.

इथवर मी एकाच कराची बाजू मांडली. पण एका ठिकाणी ती अपुरी पडते, हे वणीत राहणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. कोळशाचे ट्रक वणीच्या रस्त्यांवरून जातात. धूळ वणीच्या कापसावर आणि वणीच्या फुप्फुसांवर बसते. बाहेरून आलेल्या कामगाराला पाणी नगर परिषद किंवा ग्रामपंचायत देते, त्याचा कचरा तीच उचलते. त्याच्या घामावरचा कर मात्र दिल्लीला जातो, तिथून मुंबईला येतो आणि मुंबईहून वणीपर्यंत येता येता आटतो. त्यातही केंद्राने प्राप्तिकरावर लावलेला 4 टक्के उपकर आणि बड्या उत्पन्नांवरचे अधिभार राज्यांशी वाटून घ्यायचेच नसतात. कोळशावरच्या जीएसटीचे तर असे आहे की माल जिथे वापरला जातो त्या राज्याला राज्याचा वाटा जातो. दुसऱ्या राज्यातल्या वीज केंद्रात आमचा कोळसा जळला, तर राज्याचा जीएसटी त्या राज्याचा आणि खाणीचा खड्डा आमचा.

खनिजाच्या बाबतीत कायद्याने या दुखण्याची दखल घेतली आहे. राज्याला कोळशाच्या किमतीवर 14 टक्के स्वामित्वधन मिळते, आणि 2015 च्या दुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्टाधारकांनी स्वामित्वधनाच्या 30 टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यायची असते. त्या पैशाचा विनियोग कसा होतो हा वेगळ्या लेखाचा आणि वेगळ्या संतापाचा विषय. पण तत्त्व मान्य झाले: ज्या जागेतून संपत्ती निघते त्या जागेचा तिच्यावर थेट हक्क आहे. मातीखालच्या कोळशावर जिल्ह्याचा हक्क आहे, तर तो कोळसा वर काढणाऱ्या हातांच्या कमाईवर गावाचा हक्क का नाही?

असा हक्क देणारा कर आपल्याकडे आहे. तो म्हणजे व्यवसाय कर, पगारपत्रकावर ‘पीटी’ म्हणून कापला जातो तो. घटनेच्या 276 व्या कलमाने तो राज्यांना आणि स्थानिक संस्थांना दिला. मूळचा तो गावाचाच कर. वऱ्हाडात नगरपालिका तो कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगवरही लावत. धामणगाव नगरपालिकेने जिनात पिंजलेल्या आणि गाठी बांधलेल्या कापसावर असा कर लावला होता. भारत कला भांडार या कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एका करदात्याकडून वर्षाला 250 रुपयांहून अधिक घेता येणार नाही. जादा वसूल केलेली रक्कम परत मागता येईल. अमरावती जिल्ह्यातल्या एका कापूस गावाच्या या खटल्याचा दाखला आजही देशभरच्या कर खटल्यांत दिला जातो. ती 250 ची मर्यादा 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने 2500 केली. त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही.

महाराष्ट्राने 1975 च्या कायद्याने हा कर आपल्या हाती घेतला. त्यामागचे कारण मोठे होते आणि ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना चालवायला पैसा हवा होता. शहरातल्या पगारदाराने थोडे द्यावे, सरकारने तितकीच भर घालावी आणि दुष्काळी खेड्यातल्या माणसाला काम मिळावे, असा तो विचार होता. राजूरच्या खाणीतल्या परप्रांतीय कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे मराठवाड्यातल्या पाझर तलावावर माती टाकणाऱ्या बाईच्या मजुरीत गेले असतील. कराचा इतका सुंदर उपयोग मला दुसरा माहीत नाही. पण 2005 च्या केंद्रीय कायद्याने रोजगार हमी देशभर नेली आणि मजुरीच्या खर्चाचा मुख्य भार केंद्राने उचलला. महाराष्ट्राचा व्यवसाय कर मात्र जिथल्या तिथे राहिला, आणि गावाला परत गेला नाही.

याच काळात गावांचे उत्पन्न आणखी आटले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नगर परिषदांची जकात गेली. जकातनाके गेले याचे कुणी वाईट वाटून घेऊ नये. ट्रकवाल्यांना नाडणारी ती व्यवस्था वाईटच होती. पण तिच्या जागी आले ते अनुदान, म्हणजे मंत्रालयाकडे लावलेले डोळे. 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना बाराव्या अनुसूचीत कामांची लांबलचक यादी दिली. कराची यादी दिली नाही. वणीसारख्या गावात मालमत्ता कर सोडला तर हातात उरते ते फार थोडे, आणि खाण कामगारांच्या वसाहती, ठेकेदारांच्या खोल्या, झोपड्या यांतून मालमत्ता कर किती निघणार?

आता दर पाहा. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा महिन्याचा पगार 7500 पर्यंत असेल तर व्यवसाय कर नाही. 7501 ते 10,000 असेल तर महिन्याला 175. त्यापुढे कितीही असो, महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2500. ठेकेदाराकडे महिना 12,000 वर राबणारा गडी आणि महिना 5 लाख घेणारा अधिकारी, दोघेही 2500 च भरतात. गड्याच्या वर्षाच्या कमाईतला हा पावणेदोन टक्के भाग आहे. महिना लाखभर घेणाऱ्याच्या बाबतीत तो पाव टक्काही भरत नाही. आणि 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर प्राप्तिकर शून्य झाला, ते योग्यच झाले. पण त्यामुळे चित्र असे उभे राहिले की वर्षाला 12 लाख मिळवणारा पगारदार प्राप्तिकरातून पूर्ण सुटतो आणि वर्षाला दीड लाखही न मिळवणाऱ्याच्या पगारातून महाराष्ट्र सरकार 2500 रुपये कापून घेते. मंत्रालयात बसलेल्या कुणालाही हे बोचत कसे नाही, याचे मला खरोखर दुःख होते.

पैनगंगा ओलांडा. तेलंगणात 15,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. 15,001 ते 20,000 वर महिन्याला 150, त्यापुढे 200. म्हणजे 14,000 वर काम करणारा तोच माणूस आदिलाबादेत काहीच देत नाही आणि वणीत कामाला आला की 2500 देतो. कर्नाटकाने 2023 मध्ये 25,000 पर्यंतच्या पगाराला सूट दिली. उत्तर प्रदेशात हा करच नाही. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात पुरुष कामगाराची सूट 7500 वर 2014 पासून अडकली आहे. महिलांसाठी मात्र सरकारने 1 एप्रिल 2023 पासून ती मर्यादा 25,000 केली, आणि तो निर्णय चांगला होता. मर्यादा वाढवल्याने राज्य बुडत नाही हे त्याने दाखवून दिले.

घरी बसून काम करणाऱ्यांचा प्रश्न यात नव्याने शिरला आहे. कोरोनानंतर वणीत, पांढरकवड्यात, वरोऱ्यात अशी मुले-मुली आहेत ज्यांची कंपनी हैदराबादला किंवा बंगळूरला आणि खुर्ची स्वतःच्या घरी. कंपनी ज्या शाखेत त्यांचे नाव लावते, सहसा त्याच राज्याचा व्यवसाय कर कापते. वीज वणीची, रस्ता वणीचा, पाणी वणीचे आणि कर तेलंगणाचा किंवा कर्नाटकाचा. रक्कम लहान आहे म्हणून कुणी बोलत नाही. पण तत्त्व तेच आहे ज्यासाठी न्यू हॅम्पशायर सर्वोच्च न्यायालयात गेले. माणूस प्रत्यक्ष जिथे बसून काम करतो, तिथे त्याचा व्यवसाय कर जावा, हा नियम आत्ताच, रक्कम लहान असतानाच स्पष्ट व्हायला हवा. मोठी झाली की भांडण मिटणार नाही.

मला काय व्हावे असे वाटते ते सांगतो. व्यवसाय कर गावाला परत द्यायला घटनेची आडकाठी नाही. राज्याने गोळा केलेला कर नगरपालिकेला सोपवण्याची तरतूद 243-एक्स मध्ये आहे, पंचायतींसाठी 243-एच मध्ये आहे. तामिळनाडू आणि केरळात व्यवसाय कर आजही स्थानिक संस्थाच सहामाहीने घेतात आणि तिथल्या उद्योगांचे काही बिघडलेले नाही. महाराष्ट्राने सगळा कर सोडावा असेही मी म्हणत नाही. निम्मा राज्याने रोजगार हमीसाठी ठेवावा, कारण त्या मूळ संकल्पाची लाज राखली पाहिजे. निम्मा मात्र कामाच्या जागेच्या नगर परिषदेला किंवा ग्रामपंचायतीला थेट मिळावा. मालक आजही कर भरताना नोंदणी क्रमांक आणि पत्ता देतोच. पैसा त्या पत्त्याच्या गावाकडे वळवणे संगणकाला अवघड नाही.

2500 ची मर्यादा वाढवायची तर घटनादुरुस्ती लागेल. चौदाव्या वित्त आयोगाने ती 12,000 करावी असे सुचवले होते, पंधराव्याने 18,000. दोन्ही शिफारशी संसदेपुढे पडून आहेत. वाढीला माझा पाठिंबा आहे, पण एका अटीवर: वरच्या पगारांवर ती वाढावी, खालच्यांवर नव्हे. मर्यादा 18,000 झाली आणि महाराष्ट्राने 10,001 रुपयांवाल्याकडूनही ती वसूल केली, तर तो घोर अन्याय होईल आणि मग या कराविरुद्ध मीही उभा राहीन.

हा पैसा नगर परिषदा नीट खर्च करतील कशावरून, असा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. आक्षेप खोटा नाही. वणीत असो की कुठेही, रस्त्याच्या कंत्राटाचे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्यावर उपाय पैसा मुंबईत ठेवणे हा नाही. नगरसेवकाला जाब विचारायला वणीचा माणूस चालत जाऊ शकतो. मंत्रालयात जायला त्याला रात्रभराचा प्रवास आणि ओळख लागते. 1984 चा दांडेकर समितीचा अहवाल विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे देऊन गेला. त्या अनुशेषाचे मूळ याच अंतरात आहे. आणि खाणवाल्या गावाला मिळेल, शेतीवाल्या गावाला काय, असे झरीजामणीतला किंवा मारेगावातला शेतकरी विचारेल, तर तो प्रश्नही रास्त आहे. म्हणूनच मी निम्मा भाग राज्याकडे ठेवायला सांगतो, आणि म्हणूनच प्राप्तिकर गरजेनुसार वाटला जावा याबद्दल मी इतका आग्रही आहे. मोठा कर देशाचा, गरजेप्रमाणे वाटलेला. लहान कर गावाचा, कामाच्या जागेचा. दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

यातली पहिली पायरी सोपी आहे. तिला दिल्ली नको, घटनादुरुस्ती नको, वित्त आयोग नको. पुरुष कामगाराची सूटही महिलांप्रमाणे 25,000 वर न्यावी, एवढी एक दुरुस्ती महाराष्ट्राचे विधिमंडळ एका अधिवेशनात करू शकते. वणीच्या आमदारांनी आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या सर्व लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात ती मागणी करावी. खाणींवरच्या आणि कारखान्यांतल्या कामगार संघटनांनी वेतनवाढीच्या मागण्यांत हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घ्यावा, परप्रांतीय कंत्राटी कामगारांना सोबत घेऊन घ्यावा. आणि ज्यांच्या पगारपत्रकावर दर महिन्याला 200 रुपयांची ही ओळ येते त्या प्रत्येकाने आपल्या नगरसेवकाला किंवा सरपंचाला विचारावे, की या पैशातला गावाचा वाटा मागणारा ठराव तुम्ही कधी करणार.